विषय सोडला तर व्हिसा जाईल का?

प्रश्न : भाची अमेरिकेत एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, बीएस करतेय, एक विषय जड जातोय तो सोडायचा म्हणते, शिवाय एका इंडियन हॉटेलात शनिवार-रविवार कॅशवर काम मिळतंय. चालेल का?
– एक मामा, सिडको, नाशिक

उत्तर : मामा, हॉटेलचं डोक्यातूनच काढायला सांगा, परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम केलं की स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथं कायदेशीर राहण्याचा दर्जा, गेलंच समजा. कॅम्पसवर लायब्ररीत वगैरे मिळालं तर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं. विषयाचं म्हणाल तर बॅचलरला टर्मला किमान १२ क्रेडिट (विषयाच्या अभ्यासाचं माप) लागतात, त्याच्या खाली जात असेल तर आधी कॉलेजच्या डीएसओची, म्हणजे व्हिसाचं बघणाऱ्या ऑफिसरची परवानगी आणि मगच ड्रॉप, उलटं नाही. आणि हो, रूम बदलली तर १० दिवसांत पत्ता कळवायचा, हे पोरं हमखास विसरतात.