लाजाळूला सारखं छेडू नका

पानं मिटली म्हणजे रोप आजारी पडलं असं नाही हो. देठाच्या बुडाशी बारीक फुगीर गाठ दिसेल बघा. बोट लागलं की तिच्या खालच्या बाजूच्या पेशींतलं पाणी बाहेर सरकतं आणि देठ मान टाकतो. थोड्या वेळानं पुन्हा ताठ. पण पोरांना आवरा. मिटलेलं पान अन्न कमी तयार करतं. कुंडी आदळली तरी मिटतं. गंमत म्हणजे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुंड्या थोड्या उंचीवरून वारंवार सोडल्यावर रोपांनी दाद देणंच बंद केलं! आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात मात्र गच्चीवर ठेवू नका, सकाळचं कोवळं ऊन पुरे. संध्याकाळी आपोआप मिटलं तर घाबरून पाणी ओतत बसू नका, रात्री ते मिटतंच.