भिंत कोरडी दिसते, तरी घरात बुरशी आहे का हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातला भाड्याचा फ्लॅट, भिंती वरवर कोरड्या, पण बेडरूममध्ये कुबट वास. पाऊस सुरू झाल्यापासून मुलीचा रात्रीचा खोकला हटत नाही. घरमालक म्हणतात, दिवाळीत रंग लावून देतो. तोवर ऑनलाइन मिळणारं बुरशी तपासायचं किट मागवावं का?

किट मागवू नका. बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतातच. किटमधली ताटली उघडी ठेवली की तिच्यात काहीतरी उगवणारच, पण बुरशी कुठे धरली आहे हे त्यातून कळणार नाही. इमारतींमधलं लीकेज शोधणं हे माझं रोजचं काम आहे आणि तिथे एकच गोष्ट कामाला येते, ती म्हणजे पाण्याचा माग काढणं. बुरशीला लागणारं खाणं, म्हणजे प्लायवूड, पुठ्ठा, कापड, रंगावर बसलेली धूळ, घरात बारा महिने हजर असतं. कमी असते ती फक्त ओल. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही, तर तिच्यावर बुरशी धरू लागते.

वासाकडे दुर्लक्ष केलं नाहीत हे फार चांगलं केलंत. घरात राहणाऱ्याच्या नाकाला मात्र त्याची सवय होते. म्हणून बेडरूमचं दार-खिडक्या बंद ठेवून दिवसभर बाहेर जा आणि परतल्यावर बाहेरच्या कुणाला तरी आधी आत जाऊ द्या. कपाट उघडल्यावर, गादी उचलल्यावर, बॉक्स बेडचं झाकण वर केल्यावर, एसी लावल्यावर, वास नेमका कुठे वाढतो ते त्यांनाच विचारा. एसी लावल्यावरच येत असेल, तर पाणी साचणारा ट्रे आणि आतली कॉइल साफ करून घ्या. अशा वेळी भिंत फोडायची गरज नसते.

बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला वॉर्डरोब टेकवलेला असेल, तर माझा पहिला संशय त्याच्यावर. सर्वांत खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. टॉर्च समोरून न मारता भिंतीलगत आडवी धरा. समोरून सपाट दिसणारा रंग आडव्या उजेडात फुगलेला दिसतो, बारीक फोडांसारखा. मग मागच्या प्लायला खालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच दाबा. चांगला प्लाय टणक लागतो, ओल प्यायलेला आत दबतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. आत टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्यांवर करडी-हिरवट भुकटी असेल, तर उत्तर मिळालंच. सिंकखालचं कपाट, फॉल्स सीलिंगची बाथरूमकडची बाजू, भिंतीला चिकटवलेलं वॉलपेपर आणि माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोकेही बघून घ्या.

भिंतीवरचं सगळंच पांढरं बुरशी नसतं. विटा-सिमेंटमधला खार फुटतो तो बोटांत कुरकुरीत लागतो आणि पाण्याचा थेंब टाकला की विरघळतो. बुरशी विरघळत नाही, ती फासली जाते. पण खार दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, भिंतीतून पाणी येतंय हे त्यानेही सिद्धच होतं.

ओल कुठून येते याचा अंदाज घरीच घेता येतो. संशय असलेल्या जागी हातभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी जमलं तर ते भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतली वाफ गार भिंतीवर धरते आहे. पाणी भिंतीतून येत असेल, तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. तरीही काटा फिरत असेल, तर तुमचाच पाइप फुटलाय. नाहीतर वरच्या बाथरूमची नहाणी (पाणी वाहून जायची जागा) किंवा बाहेरच्या भिंतीची भेग, आणि ते सोसायटीला बरोबर घेऊनच सोडवावं लागतं.

आता मुलीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ओल आणि बुरशी असलेल्या घरांत खोकला, छातीत घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावणं हे जास्त आढळतं. आजीकडे गेल्यावर खोकला कमी होतो आणि घरी परतल्यावर पुन्हा सुरू होतो का, हे तारखेनिशी लिहून ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना तो कागद दाखवा. घरात ओल आहे हे आपणहून सांगा, तपासणीच्या गर्दीत ते विचारायचं राहून जातं. अॅलर्जीची चाचणी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. श्वास घेताना बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जात असेल किंवा धाप लागत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या. २०२१ मध्ये कोविडनंतर पसरलेला म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’, प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला होता. भिंतीवर काळे डाग दिसले म्हणून त्याची धास्ती घेऊ नका.

घरमालकांच्या रंगाचं मात्र मनावर घेऊ नका. पाणी चालू असताना वरून रंग दिला की काही महिन्यांत पोपडे सुटतात आणि मधल्या काळात बुरशी रंगाआड वाढत राहते. इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा २०२० मध्ये दगावला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेला श्वसनाचा गंभीर आजार हे त्याच्या मृत्यूचं कारण असल्याचं २०२२ च्या चौकशीत ठरलं. त्याच्या वडिलांनी तक्रार केली तेव्हा त्यांनाही वरून रंग मारा असंच सांगितलं गेलं होतं. प्रत्येक ओलीचा शेवट असा होत नाही, पण लहान मूल खोकत असताना दिवाळीपर्यंत थांबायला सांगणं मला पटत नाही. फोटो, प्लास्टिकचा निकाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून घरमालकांना आणि सोसायटीला आजच लेखी कळवा. तोवर मुलीला दुसऱ्या खोलीत झोपवा.

डाग सापडले तर कोरड्या झाडूने किंवा ब्रशने घासू नका, बीजाणू सगळ्या खोलीत उडतात. मुलीला बाहेर पाठवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरणार असाल तर त्यात अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. दबलेला प्लाय आणि भिजलेली गादी पुसून वाचत नाही, ती काढूनच टाका. डाग अर्ध्या दरवाजाहून मोठे असतील, किंवा घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर हे काम स्वतः न करता माहीतगार माणसाला द्या.