पुढच्या चाकाचा आडोसा : वाचकांचे प्रश्न

महिलांच्या हौशी रोड सायकल शर्यतींविषयी आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. कोणती सायकल घ्यावी असे विचारणारी पत्रे थोडीच आली. मैत्रिणींबरोबर, म्हणजे संघ म्हणून, शर्यत कशी खेळावी असे विचारणारी मात्र बरीच आली, त्यामुळे हे सदर या वेळी त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखिकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीच्या चौघी जणी एकत्र सायकल चालवतो. हिवाळ्यातल्या एका शर्यतीत ठरल्याप्रमाणे मी बहुतेक सपाट रस्ता पुढे राहून वारा अंगावर घेतला. शेवटच्या टप्प्यात माझ्या पायांतले त्राण संपले आणि मी मागे पडले. आमच्यातली एक तिसरी आली. पदक आणि बक्षिसाचे पाकीट तिला मिळाले. घरी सासूबाईंनी विचारले, “तुझा कितवा नंबर?” मला उत्तर देता आले नाही. मी नेमके काय मिळवले?

उत्तर : सासूबाईंनी जे विचारले ते निकालपत्रक पाहणारा कोणीही विचारेल, आणि रोड शर्यतीत निकालपत्रकाइतकी अपुरी नोंद दुसरी नसते. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या पुढे गेल्यावर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग थोडासा वाढवला तरी पायांवरचा भार पुष्कळ वाढतो. पुढच्या सायकलचे चाक धरून, म्हणजे अगदी त्याच्या मागे राहून, त्याच्या आडोशाने चालणारीची साधारण चतुर्थांश ते एक-तृतीयांश शक्ती वाचते. तुमच्या मैत्रिणीने अखेरच्या दोनशे मीटरमध्ये जी उसळी घेतली, तिच्यातला मोठा भाग तुम्ही आधीच्या तासाभरात तिच्यासाठी राखून ठेवलेला होता. तुम्ही मागे पडलात, कारण तुमचे काम तोवर पूर्ण झाले होते.

व्यावसायिक संघांत ही गोष्ट इतकी गृहीत धरलेली असते की विजेत्याने बक्षिसाची रक्कम सहकाऱ्यांत वाटून देण्याचा तिथे जुना प्रघात आहे. आपल्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ओढतात तेव्हा दोर कोणाच्या हातात होता आणि मासळी कोणी टोपलीत भरली यावरून वाद होत नाही, वाटे पडतात. हौशी संघांनीही शर्यतीच्या आदल्या दिवशीच वाटे ठरवून ठेवावेत. पाकिटातली रक्कम बहुधा प्रवासखर्चालाही पुरत नाही हे खरे, तरीही ती वाटली जाते की नाही यावर पुढच्या शर्यतीत कोण मनापासून वारा अंगावर घेईल हे ठरते.

मात्र एक गोष्ट तुमच्या पत्रात दिसत नाही, ती विचारतो. पुढे राहण्याचे काम दर वेळी तुमच्याच वाट्याला येते का? तसे असेल तर तुमची खंत रास्त आहे. अखेरची दौड वेगाने मारणारी एकच असेल, तर सपाट शेवटाच्या शर्यतीत बाकीच्यांनी तिच्यासाठी राबावे हे योग्यच. पण ज्या शर्यतीचा शेवट चढावर आहे तिथे तीच मैत्रीण तुमच्यापुढे वारा घेईल, असे आधी ठरवून घ्या. सासूबाईंना सांगा की आमच्या संघाचा तिसरा नंबर आला.

प्रश्न : शर्यतीत आमची एक मैत्रीण सुरुवातीलाच घोळक्यातून निसटून एकटी पुढे निघून गेली. मागे राहिलेल्या आम्हा तिघींना काय करावे ते कळेना, म्हणून आम्ही जोर लावून तिला गाठले; पण आमच्या मागे सगळा घोळकाही येऊन पोहोचला. त्यानंतर दिवसभर तिने अबोला धरला. चूक कोणाची? (वेंगुर्ले)

उत्तर : तुमची.

आपली साथीदार पुढे असताना तिचा पाठलाग आपण करायचा नसतो. ते काम इतर संघांचे, आणि त्यांनी ते करावे म्हणजे त्यांची शक्ती खर्च होईल. तुम्ही तिघींनी घोळक्याच्या पहिल्या पाच-सहा जणींत राहायचे, कोणी वेग वाढवला की तिचे चाक धरायचे, पण तिच्या पुढे येऊन ओढायचे नाही. तिची गाठ पडलीच, तर तोवर आडोशात राहिलेल्या तुमच्यापैकी एकीने लगेच पुढचा हल्ला करायचा, म्हणजे एकदम वेग वाढवून निसटायचे. प्रतिस्पर्ध्यांना सगळ्यात जास्त वैताग येतो तो याच क्षणी.

मागच्यांची गफलत झाली की काय होते हे टोकियो ऑलिंपिकमध्ये साऱ्या जगाने पाहिले. २५ जुलै २०२१ रोजी झालेल्या १३७ किलोमीटरच्या महिलांच्या रोड शर्यतीत ऑस्ट्रियाची अ‍ॅना किसेनहोफर सुरुवातीलाच काही जणींबरोबर पुढे निघाली आणि सुमारे ४० किलोमीटर उरले असताना शेवटच्या दोन सोबतिणींनाही मागे टाकून एकटीच गेली. ती गणितात डॉक्टरेट मिळवलेली, कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नसलेली, आपल्या देशाची त्या शर्यतीतली एकमेव स्पर्धक होती. मागे नेदरलँड्सच्या चौघी होत्या : आनेमीक फान फ्लॉइटन, अ‍ॅना फान डर ब्रेगेन, मारियाने फॉस आणि डेमी फॉलरिंग. याहून बलाढ्य चौकडी त्या दिवशी रस्त्यावर नव्हती. परंतु ऑलिंपिकमध्ये स्पर्धकांना कानातल्या रेडिओची परवानगी नसते. पुढे नेमक्या किती जणी आहेत याचा हिशेब चुकला, आणि किसेनहोफरनंतर १ मिनिट १५ सेकंदांनी रेषा ओलांडताना फान फ्लॉइटनने आपणच जिंकलो असे समजून हात उंचावले.

तुमच्या शर्यतीतही रेडिओ नसणारच. म्हणून संघातल्या एकीवर फक्त मोजणीचे काम सोपवा : पुढे कोण गेल्या, कोणत्या क्रमांकाच्या गेल्या, त्यांतल्या किती परत हाती लागल्या. ही स्पर्धक सगळ्यात वेगवान असण्याची गरज नाही. दमलेली असतानाही जिचे डोके ठिकाणावर राहते अशी हवी. माझ्या मते हौशी संघांत हिची उणीव चांगल्या स्प्रिंटरच्या उणिवेपेक्षा अधिक जाणवते.

प्रश्न : संघाच्या डावपेचांविषयी जे वाचायला मिळते ते सगळे सपाट रस्त्यांचे असते. देवगडच्या बाजूला सपाट रस्ता आहे कुठे? इथे संघाचा उपयोग काय?

उत्तर : चढावर वेग कमी असतो, त्यामुळे आडोशाचाही उपयोग फार होत नाही आणि जिचे पाय आणि फुप्फुसे चांगली ती पुढे जाते, एवढ्यापुरते तुमचे म्हणणे बरोबर आहे. परंतु कोकणातला रस्ता नुसता चढत नाही. तो खाडीवरच्या पुलापर्यंत उतरतो, पलीकडची घाटी चढतो, सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, येतो आणि पुन्हा उतरतो. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे जा किंवा आरे-वारे मार्गाने गणपतीपुळ्याला जा, क्रम हाच.

यातली संघाची जागा म्हणजे सडा. झाडी संपते, जांभ्याचा उघडा कातळ सुरू होतो आणि चढ चढून दम लागलेल्या स्पर्धकांना अचानक मोकळा वारा लागतो. बहुतेक जणी घाटीच्या माथ्यावर पोहोचल्यावर क्षणभर पाय सैल सोडतात. चढावर जोर न लावता माथ्यापासून पुढच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये दोघींनी मिळून लावला, तर एकटी पडलेली प्रतिस्पर्धी तो वारा कापून परत येऊ शकत नाही. दोघी असतील तर आळीपाळीने ओढता येते. एकटीने केलेला हाच हल्ला सड्याच्या मध्यावर विरतो.

आता वाऱ्याची दिशा. आपला किनारा उत्तर-दक्षिण असल्यामुळे समुद्राला समांतर रस्त्यावर वारा समोरून येण्यापेक्षा बाजूने येण्याचा संभव अधिक. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, उन्हे चढली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, म्हणजे शर्यत लांबली तर वाऱ्याची बाजू मध्येच बदलू शकते. बाजूच्या वाऱ्यात आडोसा थेट मागे न मिळता तिरका, वारा जिकडे जातो त्या अंगाला मिळतो. तुम्ही दक्षिणेकडे जात असाल आणि खारा वारा उजवीकडून येत असेल, तर पुढचीने रस्त्याच्या उजव्या बाजूला, पण आखून दिलेल्या मार्गिकेच्या आत राहावे, म्हणजे तिच्या डाव्या अंगाला तिघींना तिरकी रांग धरता येते. पाचवीला मात्र डांबराची कडाच उरते. तिथे आडोसा नाही आणि चाकाखाली जांभ्याची खडी. ती पाचवी आपल्या संघाची नसावी, एवढेच पाहायचे. रहदारी चालू असलेल्या रस्त्यावर सरावाच्या वेळी हा प्रयोग कोणीही करू नये. एसटीच्या चालकाला तुमची तिरकी रांग समजावून सांगता येत नाही.

प्रश्न : मी दापोलीत शिकते. आमच्याकडे मुली कमी म्हणून मुलगे आणि मुली यांची शर्यत एकाच वेळी सोडतात. मागच्या वेळी एका मुलीला तिच्या क्लबचे दोन मुलगे शेवटपर्यंत ओढत घेऊन आले आणि ती पहिली आली. हे नियमात बसते का?

उत्तर : त्या शर्यतीच्या नियमपत्रकात काय लिहिले होते यावर ते अवलंबून आहे, आणि बहुधा काहीच लिहिलेले नसणार. आंतरराष्ट्रीय पातळीवर महिलांची शर्यत स्वतंत्र असते, त्यामुळे हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. आपल्याकडे आयोजक सोयीसाठी सगळ्यांना एकत्र सोडतात आणि निकाल मात्र वेगळे लावतात. मग महिलांची शर्यत कोणाच्या ओळखीचे मुलगे जास्त दमदार आहेत यावर ठरते. मला हे अन्यायाचे वाटते. दोन मुलांच्या मागे बसणारी मुलगी दुबळी असते असा याचा अर्थ नाही, परंतु स्वतंत्र संघ बांधून आलेल्या चार मुलींच्या मेहनतीला त्यामुळे मोल उरत नाही.

तू शर्यतीनंतर तक्रार करू नकोस, आधी अर्ज कर. नावनोंदणीच्या वेळीच सगळ्या मुलींच्या सहीने आयोजकांना लिहून दे की महिलांना दहा मिनिटे आधी किंवा नंतर सोडावे, आणि दुसऱ्या गटातल्या स्पर्धकाचा आडोसा घेतल्यास बाद ठरवण्याचा नियम छापावा. दहा मिनिटांच्या अंतराला खर्च येत नाही, त्यामुळे नकार द्यायला कारणही राहत नाही. प्रतिस्पर्धी क्लबच्या मुलींच्याही सह्या घे. आयोजकांनी मानलेच नाही आणि नियमपत्रकात बंदीही नसेल, तर तुम्हीही मोठ्या घोळक्याचा आडोसा घ्या; त्यात संकोच कसला?

प्रश्न : चढावर सोपे जावे म्हणून आमच्या संघातल्या सगळ्यांनी मिळून जेवण कमी केले आहे. वजन उतरले, पण दोघींची पाळी तीन महिने आलेली नाही आणि वेगही वाढलेला नाही. हे सरावामुळे होते, असे एक जण म्हणाले. (चिपळूण)

उत्तर : सरावामुळे पाळी थांबणे ही अभिमानाची किंवा दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही. व्यायामात खर्च होते तेवढी ऊर्जा अन्नातून मिळाली नाही तर शरीर आधी प्रजननसंस्थेच्या कामात कपात करते. पाठोपाठ हाडे ठिसूळ होऊ लागतात, दुखापती भरून येत नाहीत आणि वेग घटतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेकडे खेळाडूंचे स्वतंत्रपणे लक्ष वेधले. दोघींनीही याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे, पाळी थांबण्याची इतर कारणे, गर्भधारणेसह, तपासून घ्यावीत आणि हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर चढावर लागणाऱ्या धापेचे एक कारण तिथेच सापडेल.

दीड-दोन तासांहून मोठ्या सरावात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. त्याला खजुराची जोड द्या, आणि बाटलीत साखर-मीठ घातलेले कोकम सरबत चालते. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही आणि घाम येतच राहतो, म्हणून मीठ टाळू नका. सगळ्यांनी मिळून उपाशी राहण्याचा ठराव तेवढा मोडा, आणि तो सगळ्यांनी एकाच दिवशी मोडा, कारण एकीने एकटीने जेवायला सुरुवात करणे तिला अवघड जाईल.

प्रश्न : शर्यतीत मुख्य स्पर्धकाच्या सायकलला पंक्चर झाले आणि मदतीची गाडी नसेल, तर मैत्रिणीने आपले चाक दिलेले चालते का?

उत्तर : चालते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांनुसार खाणे, पाणी आणि हत्यारे कोणत्याही स्पर्धकाला देता येतात. चाक किंवा सायकल देणे आणि मागे पडलेल्या स्पर्धकासाठी थांबणे मात्र एकाच संघातल्या स्पर्धकांपुरते मर्यादित आहे. हाताने ढकलणे कोणालाही मान्य नाही. त्यासाठी बाद करतात. हौशी शर्यतींचे आयोजक बहुधा याच चौकटीत चालतात, तरी सुरुवातीच्या सूचना ऐकताना विचारून घ्या.

खरी अडचण नियमाची नसून चाकाची असते. एकीच्या सायकलला डिस्क ब्रेक आणि दुसरीच्या सायकलला रिमचे ब्रेक, एकीचा आस झटपट उघडणारा आणि दुसरीचा आरपार जाणारा, मागे एकीकडे अकरा दातेरी चकत्यांचा संच आणि दुसरीकडे आठ चकत्यांचा, असे असेल तर चाक देऊन काहीही साधत नाही. त्यामुळे हंगामाआधी सगळ्या सायकली एका अंगणात उलट्या ठेवून कोणाचे चाक कोणाला बसते ते पाहा, आणि ज्या दोघींची बसतात त्यांनाच शर्यतीत एकमेकींच्या जवळ राहायला सांगा. कोणाचेच बसत नसेल, तर प्रत्येकीने खिशात ट्यूब, टायर काढण्याचे लिव्हर आणि लहान पंप ठेवावा, आणि दोघींनी मिळून टायर बदलण्याचा सराव घड्याळ लावून करावा.