मिठाच्या जलतरण तलावाचा सामू सांभाळताना

आपल्या कृषी पर्यटन केंद्रातील तलावाचा सामू, म्हणजेच पीएच, वारंवार ८ च्या वर जातो, हे क्लोरिन तयार करणारे यंत्र बिघडल्याचे लक्षण नव्हे. या यंत्राच्या सेलमधून, म्हणजे विजेच्या साहाय्याने पाण्यातील मिठापासून क्लोरिन बनवणाऱ्या भागातून, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, ते पाण्यातील कार्बन डायऑक्साइड बाहेर घालवतात आणि त्यामुळे सामू चढत राहतो. पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, जितकी अधिक, तितका हा चढ वेगवान असतो. विदर्भात बोअरचे पाणी बहुधा जड असते, आणि मे महिन्यात बाष्पीभवनाने घटलेली पातळी भरून काढताना प्रत्येक वेळी नवी क्षारता तलावात येते, ही गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही.

माझ्या मते क्षारता ६० ते ८० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) आणि सामू ७.४ ते ७.८ राखावा. ५०,००० लिटर पाण्याची क्षारता १० पीपीएमने उतरवण्यास ३० टक्के तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे १ लिटर लागते. पंप चालू ठेवून, हातमोजे व चष्मा घालून ते संध्याकाळी थोडे थोडे सोडावे. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकाच खोलीत कृपया ठेवू नका, कारण दोन्ही मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतो.

आम्लाने सामू आणि क्षारता दोन्ही घटतात. क्षारता योग्य असताना केवळ सामू खाली गेला असेल, तर खाण्याचा सोडा टाकण्याची घाई न करता कारंजे काही तास चालू ठेवावे. त्याने सामू वर येतो, क्षारता मात्र वाढत नाही.