नागपुरात गुंतवणूक म्हणून फ्लॅट घ्यावा की स्वतंत्र घर?

दर महिन्याला भाडं हवं असेल तर फ्लॅट. पंधरा-वीस वर्षं थांबायची तयारी असेल तर घर, कारण भाव वाढतो तो जमिनीचा. बांधकाम जुनंच होत जातं. फ्लॅटमध्ये जमिनीचा छोटा अविभक्त हिस्साच तुमच्या वाट्याला येतो, घरात अख्खा प्लॉट तुमचा.

पण नागपुरात घराची खरी मेख कागदांत आहे. इथे गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून विकलेले लेआउट भरपूर. नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आपण ज्याला आरएल म्हणतो ते नसेल, तर बँक कर्ज द्यायला कचरते आणि विकताना गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. माझ्या काकांनी ‘पुढे होईल आरएल’ या भरवशावर घर घेतलं, नंतर वर्षानुवर्षं चकरा मारल्या. म्हणून कळकळीने सांगतो, आरएल, मंजूर नकाशा आणि एनए (बिगरशेती) आदेश वकिलाला दाखवल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. शहराबाहेर बेसा-पिपळ्याकडे जात असाल तर एनएमआरडीएची, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची मंजुरीही बघा.

नवा फ्लॅट असेल तर महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडची नोंदणी तपासा. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा करून उरतं तेच खरं भाडं. भाडेकरूच हवे असतील तर मी मिहान (विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प) आणि एम्समुळे वर्धा रोडकडे आधी बघेन.