शिल्लक रजा विकू की सणाला घरी राहू?

प्रश्न: मी नोकरी करते, नवऱ्याचा छोटा व्यवसाय आहे. मुलगी 10 वर्षांची, मुलगा 7 वर्षांचा. दरवर्षी माझ्या 16 रजा शिल्लक राहतात, त्या विकून आलेले पैसे मी सणांच्या खर्चात घालते. उरलेला खर्च क्रेडिट कार्डावर होतो आणि तो 6 हप्त्यांत फेडते. सध्या 4 हप्ते बाकी आहेत. मुलांना सण म्हणजे खोके उघडणं एवढंच कळतंय की काय, अशी आता धास्ती वाटते. या वर्षी रजा न विकता घरी राहावं, सण आणि बदलते ऋतू मुलांबरोबर आपल्या हातांनी साजरे करावेत, असं मनात आहे. नवरा म्हणतो, रजेचे पैसे सोडले तर सण करायचे कशातून? रजा पुढच्या वर्षी ओढता येतात. अर्ज महिनाअखेर द्यायचा आहे. सॅलरी स्लिप आणि वर्षभराच्या खर्चाची यादी सोबत पाठवते आहे.

उत्तर: यजमानांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्यालाच हात घालते. तुमचे खरे आकडे इथे उघड करत नाही. तुमचा महिन्याचा एकूण पगार 100 धरू आणि सगळा हिशेब त्याच मापात करू. वाचणाऱ्या कुणालाही स्वतःचा पगार त्या जागी ठेवून पाहता येईल.

रजा विकली की एका दिवसाचा पगार मिळतो, असं आपण धरून चालतो. तुमची स्लिप पाहिली तर तसं होत नाही. अनेक ठिकाणी रजेचे पैसे मूळ पगारावर मोजले जातात, बहुतेक भत्ते त्यात येत नाहीत. तुमचा मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा आहे, म्हणजे 50. त्याला 30 ने भागलं की एका रजेचे 1.67 होतात. त्यातला पाचवा भाग करात जातो आणि हातात उरतात 1.33. कामावर गेलेल्या दिवसाचा तुमचा पगार मात्र करापूर्वी 3.33 आहे. तोच तुमचा दिवस, पण कचेरी तो परत घेताना निम्म्या भावात घेते. 16 रजांचे मिळून 21 हातात येतात.

आता तुमची यादी. ती इतकी नीट ठेवली आहे की मला मनापासून कौतुक वाटलं. नातेवाइकांच्या भेटवस्तू 22, कपडे 14, सजावट 11, फिरणं 9, किरकोळ 4, आणि शेवटच्या ओळीत ‘कागद, डिंक, रंग’ 1. एकूण 61. त्यातले 21 रजांचे, म्हणजे 40 कार्डावर. कार्डाचं व्याज महिना 3 टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षभर फिरत राहिलं तर ते 42 टक्क्यांच्या वर जातं. तुम्ही 6 महिन्यांत फेडता म्हणून तेवढं बसत नाही, तरी 40 चे 44.3 होतात. जादाचे 4.3 भरायला किती रजा लागतात? तीनपेक्षा जास्त. तुम्ही विकलेल्या 16 रजांपैकी तीन रजा दरवर्षी फक्त व्याजात जातात. त्या तीन दिवसांत कुणाला काही भेट मिळाली नाही, घरात एक दिवाही जास्तीचा लागला नाही. मला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

असं का होतं, याचं एक कारण रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं आहे. त्यांना 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणूस मनातल्या मनात पैशाचे वेगवेगळे कप्पे करतो, आणि ज्या कप्प्यातून पैसा येतो त्यावर तो कसा खर्च होणार हे ठरतं. पगार जपून खर्च होतो. बोनस, परतावा, रजेचे पैसे ‘असेच आलेले’ वाटतात आणि सैल हाताने जातात. तुमच्याकडे रजेचे 21 आले की मनाने सणाचा बेत 61 चा केला. हे पैसे आयते मिळालेले नाहीत. तुमच्या आयुष्यातले 16 दिवस देऊन तुम्ही ते घेतले आहेत. हा कप्पा मनातून पुसला की पुढचं गणित बरंच सोपं होतं.

यादीतला सगळ्यात मोठा आकडा भेटवस्तूंचा, म्हणून तिथे जरा थांबू. 1993 साली जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सणाला मिळालेल्या भेटवस्तूंबद्दल विचारलं होतं: या वस्तूची किंमत किती असेल, आणि ती तुमच्या लेखी कितीची आहे? भावनिक मोल बाजूला ठेवून उत्तर द्यायचं होतं. किंमत आणि मोल यांत 10 टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत तफावत निघाली. मित्रांनी, जोडीदाराने दिलेल्या वस्तूंत ती कमी होती. ज्यांना आपली आवड रोजच्या रोज ठाऊक नसते अशा वडीलधाऱ्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त होती. म्हणून काही भेटी देणंच बंद करा, असं मी म्हणणार नाही. देण्यात जो ओलावा असतो तो त्या अभ्यासात मोजलाच नव्हता. पण तुमच्या यादीत 19 नावं आहेत, आणि त्यातल्या 11 नावांपुढे तुम्ही स्वतःच ‘द्यावं लागतं’ असं लिहिलंय. त्या घरांशी एकदा मोकळेपणाने बोला. सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी येईल त्याला एकच भेट, पण विचार करून दिलेली. मोठ्यांना सुचवायला अवघड वाटेल, पण कुणीतरी हे बोलावं याची वाट त्यांच्यातलेही काहीजण पाहत असतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. 22 चे 10 होतील.

कपडे 14 वरून 10 वर येतील, कारण मुलं वाढत्या अंगाची आहेत आणि वर्षाला लागणारे कपडे तसेही घ्यायचेच असतात. त्यातलेच नवे सणाला काढायचे. सजावट 11 वरून 3. फिरण्याच्या 9 ला हात लावू नका. किरकोळ 1 पुरे. आणि ती शेवटची ओळ, कागद-डिंक-रंगाची, ती 1 वरून 3 करा. सगळ्या यादीत वाढ सुचवते आहे ती याच एका ओळीत. तुम्ही तिच्यापुढे कंसात ‘मुलं अजून वापरतायत’ असं लिहिलंय. सजावटीच्या 11 पुढे लिहिलंय, ‘दोन माळा जळाल्या, बाकी माळ्यावर’. वेगळा पुरावा मी काय देऊ?

बेरीज 36 होते, म्हणजे महिन्याला 3. एक वेगळं खातं उघडा आणि पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी 3 आपोआप तिकडे वळतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. सण काही अचानक दाराशी येत नाहीत. पुढच्या वर्षीचे सगळे दिवस आजच ठाऊक असतात, त्यासाठी व्याजाने पैसे काढणं आपल्याला टाळता येतं. खात्यात असेल तेवढाच सण, हे एकदा दोघांनी ठरवा आणि मुलांनाही सांगा. मुलीला 10 व्या वर्षी हे नीट कळतं. साहित्याचे 3 तर तिच्याच हातात द्या. काय आणायचं आणि घरात पडून असलेलं काय वापरायचं, हे ती आणि तिचा भाऊ ठरवतील. भांडतील थोडे. भांडू द्या.

आता रजांचं वाटप. या वर्षी 16 पैकी 8 विका आणि आलेले 10.7 सरळ कार्डावर भरा. हप्ता तोच ठेवला तर चारऐवजी तिसऱ्या महिन्यातच कार्ड कोरं होईल. सगळ्याच का विकू नयेत? कारण उरलेल्या 8 विकून जे जादाचं व्याज वाचेल ते एका रजेच्या किमतीइतकंही भरत नाही. एवढ्यासाठी आठ दिवस द्यायचे नाहीत. त्या 8 पैकी 6 वापरा, 2 आजारपणासाठी शिल्लक ठेवा. कार्ड फिटेपर्यंत सणाच्या खात्यात 3 जमणार नाहीत, तर पहिले तीन महिने 1 टाका आणि हप्ता सुटला की पुढचे तीन महिने 5. सहा महिन्यांत बेरीज जुळते.

पुढच्या वर्षापासून 4 विका, 8 वापरा, 4 पुढे ओढा. साठवलेली रजा हे वाईट साठवण नाही. ती जेव्हा विकाल तेव्हा त्या वेळच्या मूळ पगाराने पैसे मिळतात, म्हणजे पगाराबरोबर तिचा भावही वाढतो. कमाल किती रजा साठवता येतात तेवढं पाहून ठेवा. मर्यादेबाहेरची बऱ्याच ठिकाणी वाया जाते.

यजमानांना हा आकडा दाखवा. आतापर्यंत सणांसाठी व्याज धरून 65 च्या वर जात होते, रजांचे 21 वजा करता नेहमीच्या पगारातून 44 निघत होते. नव्या बेतात 36 जातील, 4 रजांचे 5 येतील, पगारातून 31 निघतील. तुम्ही 8 दिवस घरी राहूनही वर्षाला 13 वाचतात. सण कशातून करायचे, याचं उत्तर त्यातच आहे.

मात्र ते 8 दिवस कुठे टाकता यावर सगळं अवलंबून आहे. सणाच्या दिवशी बहुधा सुट्टी असतेच. रजा आदल्या दिवशी घ्या. कातरकाम, रंगकाम, चुकलेलं पुन्हा करणं, डिंक वाळेपर्यंत मारलेल्या गप्पा, हे सगळं आदल्या दिवशी होतं. तो दिवस कचेरीत गेला की रात्री दमून आलेल्या आईपुढे एकच वाट उरते, तयार वस्तू विकत आणणं. तुमचे सजावटीचे 11 असेच गेले असणार. चार मोठ्या सणांच्या आदल्या दिवसाला चार रजा द्या.

उरलेल्या चार ऋतूंना. तुम्ही पत्रात ‘बदलते ऋतू’ असं लिहिलंत तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण त्याभोवती खरेदीचा बाजार सणांइतका मोठा नसतो. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे वर्षाला चार टप्पे आपोआप मिळतात: 20-21 मार्च आणि 22-23 सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळपास सारखे, 21 जून आणि 21-22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य उत्तर-दक्षिणेच्या टोकाला. एक सरळ काठी उभी रोवा आणि दुपारी तिची सावली सगळ्यात आखूड होते तिथे खडूने रेघ मारून तारीख लिहा. घड्याळातले बारा आणि ही वेळ जुळेलच असं नाही, म्हणून अर्धा तास आधीपासून दर पाच मिनिटांनी खूण करत बसावं लागतं. ते बसणं हाच तो सोहळा. आमच्या घरी हे सहा वर्षं चाललंय. खडू पुसला जातो म्हणून मापं वहीत उतरवतो. आमच्या धाकटीने पहिल्या वर्षी मार्चच्या रेघेशेजारी स्वतःच्या पावलाचं माप काढलं होतं, आणि आता दर मार्चला ती त्यावर पाऊल ठेवून पाहते. तुमची मुलं आणखी काही वेगळं काढतील: एकाच झाडाचं दर ऋतूतलं चित्र, पहिल्या पावसाची तारीख, गळलेल्या पानांची वही. सुट्टीच्या वारी उरकेल ते सुट्टीच्या वारी करा. रजा अशा दिवशी घ्या जेव्हा मुलंही घरी असतील.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. माझ्या वडिलांनी कित्येक वर्षं रजा विकून माझी फी भरली. ज्या घरात रजेचे पैसे शिक्षणाला, औषधाला किंवा कर्जाला लागतात, तिथे रजा विकण्यात काहीही कमीपणा नाही, आणि असं करणाऱ्या आईवडिलांनी मनाला लावून घेऊ नये. तुमच्या घरात ते पैसे सजावटीला आणि व्याजाला जात होते, म्हणून हा सल्ला तुमच्यापुरता आहे. यजमानांचा व्यवसाय सणाच्या दिवसांत जोरात असेल तर त्यांना रजा मागू नका. त्यांचा वाटा ऋतूंच्या दिवशी असू द्या. मुलगी 18 ची व्हायला आठ वर्षं आहेत, म्हणजे डिसेंबरच्या आठ रेघा.

अर्जात विकायच्या रजांच्या रकान्यात 8 लिहा. देण्यापूर्वी हिशेब विभागात एवढं विचारून घ्या की मूळ पगाराला ते 30 ने भागतात की 26 ने. मी 30 धरलंय. 26 असेल तर एका रजेचे 1.33 ऐवजी 1.54 हातात येतील, आणि कार्डावर 10.7 ऐवजी 12.3 भरता येतील. विकायच्या रजा तेव्हाही आठच.