करी रोडला उतर, पण हळहळ घरी ठेवून

अगं,

तुझा ड्राफ्ट वाचला. भाषा छान आहे, पण पहिल्याच परिच्छेदात गिरण्यांच्या थंड चिमण्या, हरवलेला भोंगा आणि मरणपंथाला लागलेलं मुंबईचं गिरणगाव असं सगळं एकदम आलं म्हटल्यावर लगेच कळलं की तू त्या भागाबद्दल वाचलंयस भरपूर, पण तिथून चालली नाहीयेस. वाचलंस ते चांगलंच. गिरणी संपाची तारीख बरोबर आहे, १८ जानेवारी १९८२, आणि अडीच लाखाच्या आसपास कामगार हेही ठीक. आता जा एकदा संध्याकाळची.

कामाच्या दिवशी जा, रविवारी नको, आणि गणपतीच्या दिवसांत तर अजिबात नको. साडेसहाच्या सुमाराला करी रोडला उतर, स्लोच पकडावी लागेल, फास्ट थांबत नाही तिथं. उतरल्या उतरल्या तुला जाणवेल की तूच उलटी चाललीयस, सगळं पब्लिक समोरून अंगावर येतंय, गळ्यात आयकार्ड, बॅग पाठीवरून पोटावर घेतलेली, एक डोळा इंडिकेटरवर. ही लोअर परळची ऑफिसं सुटल्याची गर्दी, गिरण्यांच्या कंपाउंडांत टॉवर आणि मॉल उभे राहिले तिथली. पाळी अजून सुटते गं, भोंग्याशिवाय सुटते एवढंच. आणि माणसं वाढली तरी स्टेशनं राहिली तेवढीच, त्याची किंमत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या (आताचं प्रभादेवी) जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जणांनी जीव देऊन मोजली. त्यानंतर लष्कराने जे पादचारी पूल बांधले त्यातला एक करी रोडला आहे. तुझ्या लेखात मला चिमणीपेक्षा हा पूल हवा.

पश्चिमेला ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी आहेत, तिकडे दुसऱ्या दिवशी जा, एका संध्याकाळी दोन्ही होत नाही. पण जाशील तेव्हा एक लक्षात ठेव. चाळसंस्कृती गेली म्हणून गळा काढायच्या आधी तिथल्या एखाद्या बाईला विचार की १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावरचा सामायिक संडास सोडून रिडेव्हलपमेंटमधल्या ५०० फुटांच्या फ्लॅटमध्ये जायचं म्हटल्यावर तिला कसं वाटतं. गॅलरीतल्या गप्पांची आठवण तिलाही येईल, नाही असं नाही, पण पहाटे उठून नंबर लावायची आठवण येणार नाही. हळहळायला बहुतेक वेळा बाहेरचेच लोक मोकळे असतात असं माझं मत आहे, तुला पटलं नाही तर भांड माझ्याशी.

तर पूर्वेला बाहेर पड, महादेव पालव मार्गाने सरळ भारतमातापर्यंत ये, आज कुठला मराठी पिक्चर लागलाय बघून घे आणि उजवीकडे वळ. डोक्यावर लालबागचा फ्लायओव्हर, खाली भाजीवाले, बस, टॅक्सी, हॉर्न. हा तुकडा कंटाळवाणा आहे, भराभर चाल. मार्केट लागलं की मात्र स्लो हो. १९३२ साली पेरूचाळीतला बाजार बंद झाला, मग हक्काच्या जागेसाठी कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी नवस केला आणि तो फळल्यावर १९३४ पासून गणपती बसायला लागला अशी लालबागच्या राजाची गोष्ट सांगतात. म्हणजे आधी पोटापाण्याची भानगड, देव त्यानंतर. लोकांना फक्त रांग माहितीय.

आता मसाला गल्ली. इथं घाई केलीस तर बघ. मार्च ते मे खरा सीझन, पण एरवीही दुकानं चालू असतात, पोत्यांत ब्याडगी, काश्मिरी, शंकेश्वरी, लवंगी आणि शिंका फुकट. एखाद्या दुकानासमोर नुसती उभी राहा आणि गिऱ्हाईक बाई मिरची कशी बघते ते बघ, एक उचलते, मोडते, आतलं बी बघते, वास घेते, मग भाव विचारते. दुकानदार विचारतो, मालवणी का घाटी? आणि ती पर्समधून चिठ्ठी काढते, सासूच्या नाहीतर आईच्या हातची, घडीवर फाटत आलेली, तेलाचे डाग पडलेली, त्यात किलोभर मिरचीला धणे किती, दगडफूल किती, नाकेश्वर, बाद्यान, त्रिफळ घालायचं की नाही ते सगळं. त्याप्रमाणे माल मोजतात, भाजतात आणि डंकावर जातो. आता तू कोकणातून आणि सातारा-कोल्हापूरकडून आलेला कामगारवर्ग असं एक वाक्य लिहिलंयस ना, तो सगळा वर्ग त्या काउंटरवर उभा आहे, आणि आजही आपापल्या गावाच्या चवीवरून भांडतोय. हे सोडून तू चिमण्या कशाला बघत बसलीस?

बाजूला चिवडा गल्ली आहे, खा, पण चिवड्यावर परिच्छेद नको, सगळ्यांनी लिहून झालाय.

फक्त एवढं वाचून आता सगळं छान छान लिहू नकोस. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ नंबरच्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीची ढोबळ वाटणी अशी होती की एक भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली बदल करून ती फक्त रिकाम्या जमिनीपुरती ठेवली, म्हणजे जिथं बांधकाम उभं होतं ती हिशोबातून बाहेर, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. घरासाठी अर्ज भरलेले कामगार आणि त्यांची मुलं अजून मोर्चे काढतायत. त्यांच्याबद्दल लिहिताना बिचारे हा शब्द वापरायचा नाही, ते हिशोब मागतायत, तोच लिही.

परत येताना चिंचपोकळीवरून गाडी पकड, तेवढंच अजून चालणं होईल. कुणी घरी बोलावलं तर जा, चहा घे, वही बाहेर काढू नकोस आणि गिरणीच्या आठवणी सांगा असं म्हणू नकोस, आज कामावरून किती वाजता आलात एवढं विचार, बाकीचं आपोआप येतं. आणि नाव, मजला, खोली नंबर यातलं काहीही विचारल्याशिवाय छापायचं नाही. पागडीची खोली असते, कागद काकाच्या नावावर, राहतोय पुतण्या, भावकीत केस चाललेली, त्यात रिडेव्हलपमेंट तोंडावर, आणि तुझं एक वाक्य कुणीतरी कापून फाईलला लावलं की त्या पुतण्याची पंचाईत. फोटोचंही तसंच, विचारून काढ.

शुक्रवारपर्यंत नवीन ड्राफ्ट पाठव, अर्धवट असला तरी चालेल.

ताई